दोन पियानो आणि भाऊजींचा सत्कार

टिकाराम भाऊजींना गाण्याबजावण्याचा तिटकारा होता, असं भिलाईच्या कॅम्प-एकमधला कोणीही जुना माणूस तुम्हाला छातीठोकपणे सांगेल. पुढे घरात रेडिओ आला, तो लागला की भाऊजी पायात चप्पल अडकवून बाहेर पडत, हा पुरावाही देईल. साफ खोटं आहे. म्हणजे चप्पल अडकवून बाहेर पडत हे खरं, बाकी खोटं. मी त्यांची मेहुणी, आमच्या बोलीत साळी. लग्न होईपर्यंत त्यांच्याच घरी राहिले, त्यांच्या पगारावर शिकले आणि त्यांची मनसोक्त टिंगल केली. साळीला तेवढी मुभा असतेच. माझी बहीण आता या विषयावर तोंड उघडत नाही आणि आमच्या मंडळाच्या बळीरामजींनी जे सांगून ठेवलंय ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, तेव्हा खरं काय झालं ते मलाच सांगावं लागणार.

भाऊजींचं गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर. घरात पिढ्यान्‌पिढ्या वाजंत्रीचं काम. गावात पाटलाकडे, कुणब्याकडे लग्न निघालं की आमच्या लोकांनी मांडवाबाहेर उभं राहून सनई आणि डफडं वाजवायचं. वऱ्हाड आत जेवायचं, हे बाहेर वाजवायचे. शेवटची पंगत उठली की मागच्या दारी उरलंसुरलं वाढलं जायचं, तेही हात लागू नये म्हणून वरून टाकून. भाऊजी लहानपणी बापाशेजारी उभे राहून सूर धरीत. सूर धरायचा म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर लांबवत राहायचा, गाल फुगवून, श्वास न तोडता, मुख्य वाजवणारा थांबेपर्यंत. बाप गेला आणि भाऊजी मुख्य सनईवर आले. कांताबाईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं (मी तिला नुसतं बाई म्हणते), त्यांना आधी ऐकलं आणि मग पाहिलं. पाहिल्यावर जरा निराशाच झाली असं ती हसून सांगायची, कारण भाऊजी दिसायला अगदीच काटकुळे होते.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. गावी परतल्यावर आमच्या लोकांची बैठक बसली आणि ठरलं, की मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावकीची कामं करायची नाहीत आणि कोणाच्याही दारात बाजा वाजवायचा नाही. भाऊजींवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. ते स्वतः उठले, नदीवर गेले आणि दोन्ही सनया पाण्यात सोडून आले. माझं नाव तोवर सत्यभामा होतं, तेही त्याच आठवड्यात सत्यशीला झालं. भाऊजींनी केलं ते बरोबर केलं, हे मी आजही म्हणते. ज्या वाजवण्याच्या शेवटी खरकटं वाढून ठेवलेलं असतं ते वाजवणं गेलंच पाहिजे. पण सनई हातातून सोडता येते, कान थोडेच नदीत सोडता येतात?

त्यानंतर लवकरच भाऊजी भिलाईला आले. रशियाच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता, माणूस मिळेल तिथून हवा होता. भाऊजी खलाशांच्या गँगमध्ये लागले. हे खलाशी जहाजावरचे नव्हेत. अवजड यंत्रं रोलरवर चढवायची, चेनपुलीनं उचलायची आणि नेमकी जागेवर बसवायची, हे त्यांचं काम. त्यात एकजण हाळी देतो आणि बाकीचे त्या हाळीवर जोर लावतात. हाळी चुकली तर कोणाचा तरी पाय जातो. भाऊजींची हाळी कधी चुकली नाही, म्हणून ते लवकरच गँगचे मुकादम झाले. ‘हो हय्या’ हे काय गाणं आहे का? पण ते म्हणायला लागले की बाकीच्या गँगची माणसंसुद्धा हातातलं काम थांबवून बघायची, असं त्यांच्या गँगमधला दयाराम मला सांगायचा.

घर कॅम्प-एकमध्ये, पत्र्याचं. तिथं आमच्या विदर्भातल्या लोकांनी पंचशील मंडळ काढलं होतं आणि बळीरामजी त्याचे अध्यक्ष होते. रेल्वेत फिटर. दारू नाही, विडी नाही, शब्दाचा पक्का माणूस. कोणाच्या घरी मयत झाली तर पहिला हजर आणि कोणाचं पोर शाळेत गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी दारात उभा. ते वाईट असते तर किती सोपं झालं असतं. भाऊजी पावर हाउसच्या बाजारात गेले की एका रेडिओच्या दुकानासमोर रेंगाळत. तेवढ्यात बळीरामजी दिसले की लगेच शेजारच्या टपरीवर विडीबंडल मागत. भाऊजी विडी ओढत नसत. घरी न उघडलेल्या बंडलांचा ढीग साचला होता आणि त्यावरून मी त्यांना छळत असे.

एकसष्टच्या थंडीत बातमी आली की रशियाहून मोठा वाद्यवृंद येतोय. भिलाईत तेव्हा रशियन माणसांचं अप्रूप उरलं नव्हतं, भाजीबाजारात मोडक्या हिंदीत घासाघीस करणाऱ्या त्यांच्या बायका रोज दिसायच्या. पण एवढा मोठा बाजा कोणी पाहिला नव्हता. रेल्वे लायनीपलीकडे, सेक्टर वनच्या बाजूच्या मैदानात मांडव पडला. आत पास असलेल्यांसाठी खुर्च्या, बाहेर उभं राहणाऱ्यांसाठी कुंपणावर भोंगे. वाद्यवृंदासोबत दोन प्रचंड पियानो आले होते आणि ते वाजवणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी होत्या. पियानो पावर हाउस स्टेशनला वॅगनमधून उतरले. ते उतरवून मैदानातल्या स्टेजवर चढवायला भाऊजींची गँग बोलावली.

त्या दिवशीचं मला दयारामनं आणि भाऊजींनी वेगवेगळं सांगितलं, पण दोन्ही जुळतं. थोरली बहीण, नीना तिचं नाव, पियानोच्या पेटीला हात लावून शेजारून चालत होती, आजाऱ्याच्या खाटेबरोबर चालावं तशी. भाऊजींनी गँगला सांगितलं, आज ओरडायचं नाही. मग त्यांनी हाळी दिली ती अगदी खालच्या आवाजात, लांबवून. पेट्या स्टेजवर चढल्या, उघडल्या, पाय बसवले, ओरखडासुद्धा नाही. नीनाबाईनं झाकण उघडलं, उभ्याउभ्याच एका बोटानं काहीतरी वाजवलं आणि भाऊजींकडे बघून हसली. गँगमधल्या कोणाला कळलं नाही. भाऊजींना कळलं. तिनं त्यांचीच हाळी वाजवली होती.

तेवढ्यात धाकटी बहीण दुसऱ्या पियानोवर बसली आणि दोघींनी मिळून जरा वेळ वाजवून पाहिलं. सोबत एक दुभाषी होता. त्यानं गँगला हिंदीत समजावलं, की यांचं मोठं वाजवणं एका नदीवर आहे. यांच्या देशात थंडीत नदी दगडासारखी गोठते, वरून गाड्या चालतात, आणि मग उन्हं तापू लागली की ती फुटते. ते फुटणं या दोघी वाजवणार, मागून सत्तर-ऐंशी माणसं साथ देणार. त्याआधी जंगलाचं एक आहे, पाखरांचं एक आहे. भाऊजी मध्येच बोलले. मोठ्या माणसांसमोर ते कधी आपणहून बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले.

“दोनों बजाते, तो सूर कौन पकडता?”

दुभाष्याला प्रश्न समजला नाही. भाऊजींनी हातवारे करून समजावलं, एक वाजवतो आणि दुसरा एकच सूर धरून उभा राहतो, तसं यांच्यात कोण धरतं? दुभाष्यानं सांगितल्यावर दोघी बहिणी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग धाकटी म्हणाली, कोणीच नाही. कधी ही पुढे जाते, कधी मी. नीनाबाईनं विचारलं, हा माणूस काय वाजवतो? आणि भाऊजींच्या तोंडून निघून गेलं, “शहनाई बजाता था.” तिनं लगेच दुभाष्याला बजावलं, या माणसाला कार्यक्रमाला पुढची खुर्ची द्या.

हे सगळं तिथं उभे असलेले पंजाबराव ऐकत होते. पंजाबराव स्वागत समितीचे चिटणीस. ऑफिसात सुपरवायझर, पण त्याआधी आमच्याच भागातल्या एका पाटलाचे चिरंजीव. त्यांच्या लग्नात मांडवाबाहेर भाऊजींनीच वाजवलं होतं.

भाऊजी घरी आले ते वेगळेच. बोलायला लागले आणि थांबेचनात. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं.

“कांते, आतून पानी वाह्यते त्या पेटीच्या. खरं सांगतो. आन दोघी. कोनी कोनाच्या मांगं उभी नाई.”

“आता हे काय डोक्यात घेऊन राहिले?” बाई म्हणाली.

“काई नाई. मले आयकाचं आहे. एकडाव. बस, दुसरं काई नाई पायजे मले.”

त्यांनी काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी चेष्टा केली, “भाऊजी, रशियन बाईवर जीव जडला का जी?” एरवी लाजून पळणारा माणूस, त्या दिवशी नुसता हसला आणि लग्नातला कोट बाहेर काढून उन्हात टाकला. कोटाला उंदरानं पाठीत खिडकी पाडलेली होती. बाईनं आतून ठिगळ लावून दिलं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पंजाबराव घरी आले. खाटेवर बसले, पाणी मागून प्याले, चहाही प्याले. चहा पिताना आपण तो पितोय हे सगळ्यांना दिसेल याची काळजी घेतली. त्यांचा बाप आमच्या सावलीलाही उभा राहिला नसता, तेव्हा त्यांच्या दृष्टीनं ही मोठीच गोष्ट होती. मी आणि बाई पडद्यामागे चुलीपाशी होतो.

“टिकाराम, तुयं नशीब उघडलं,” पंजाबराव म्हणाले. “पाहुन्याइचं स्वागत आपल्या पद्धतीनं कराचं ठरलं आहे. सनई पायजे. मी त्याइले सांगितलं, आमचा मानूस आहे. सनई दुर्गच्या बाजारातून आनून देतो, फेटा देतो, नवा सदरा देतो.”

“मी सोडलं जी ते,” भाऊजी म्हणाले.

“अरे, सोडलं ते गावात. हे का गाव आहे? माया लग्नात का वाजवलं होतं तू! अजून लोक नाव घेतेत. आता रशियाचे लोक आयकतीन. कला आहे ती, कला. तिले जात नसते.”

पडद्याच्या फटीतून मला भाऊजींचे हात दिसत होते, गुडघ्यावर बोटं हलत होती. मग त्यांनी जे विचारलं ते मी आणि बाई, दोघींनीच ऐकलं.

“स्टेजवर का जी?”

पंजाबरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते मोकळेपणी हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, हे मला अजून जास्त लागतं.

“स्टेजवर कसं वाजवशीन बाप्पा? तिथं त्याइचा बाजा. तू गेटवर. पाहुने आत जाईपर्यंत वाजवाचं, बस. मंग पास देतो, बसून आयक मजेत.”

“मांडवाच्या बाह्यर,” भाऊजी म्हणाले.

“बाह्यरच ना, स्वागत काय आत करतेत का?”

“त नाई जी.”

पंजाबरावांनी खूप समजावलं. शेवटी वैतागले. “पाहा बा. खुर्ची मायाकडून आहे, रशियन बाईचं बोलनं बाईपाशी. वाजवलं त खुर्ची, नाई त नाई. पास मोजके आहेत.” आणि उरलेला चहा तसाच ठेवून निघून गेले.

स्टेजवर म्हटलं असतं तर भाऊजी वाजवायला तयार झाले असते का? झाले असते. मला खात्री आहे. खुर्ची टाकून, दिव्याखाली, समोर माणसं बसलेली, आणि वाजवून झाल्यावर टाळ्या. त्यांना बाजा नको होता असं नाही. त्यांना मांडवाचं दार नको होतं. हा एवढा फरक समजायला काय लागतं? पण हा फरक त्या वर्षी भिलाईत ना पाटलाच्या मुलाला समजला, ना आमच्या लोकांना.

भाऊजी मात्र फार दुखावलेले दिसले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “भोंगे लावून राहिले ना बाह्यर. कुंपनापाशी उभा राहून आयकन. कान त तेच आहेत.” कोट त्यांनी घडी करून पेटीत परत ठेवला. कुंपणाशी उभं राहायला कोट कशाला, असं म्हणाले.

घोळ बाईनं केला. नेहमीचाच, बायकोला नवऱ्याचा अभिमान वाटण्याचा घोळ. सकाळी नळावर ती बोलून गेली, आमच्या यांनी पाटलाच्या पोराला तोंडावर नाही म्हटलं, बाजा वाजवणार नाही म्हटलं. स्टेजचं ती बोलली नाही. ते बोलण्यासारखं नव्हतंच. दुपारपर्यंत बातमी अख्ख्या कॅम्पात पसरली आणि संध्याकाळी बळीरामजी चार जणांना घेऊन दारात.

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी भाऊजींना कवटाळलं. असं कोणी कोणाला कवटाळलेलं मी पाहिलं नव्हतं, कारण आमच्यात ती पद्धतच नाही.

“टिकाराम, तू आपल्या समाजाची मान उंच केली. मंडळानं ठरवलं आहे. तुया जाहीर सत्कार.”

“सत्कार कायचा जी,” भाऊजी गडबडले. “मी काई नाई केलं.”

“हे असं म्हनते, हेच मोठेपन आहे. उद्या सहा वाजता, विहाराच्या पटांगनात. त्याइचा बाजा सुरू होईन तवाच आपला कार्यक्रम. आपला एक मानूस तिकडं त्या गेटापाशी दिसता कामा नाई. समजू दे त्याइले.”

भाऊजींचा चेहरा पडला. ते म्हणाले, “परवा ठेवा ना जी.”

“परवा काय अर्थ? बाजा उद्या आहे ना.”

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन स्पष्ट म्हणाले, “बळीरामजी, भाऊजीले तो बाजा आयकाचा आहे. त्याइनं वाजवाले नाई म्हनलं, आयकाले नाई म्हनलं नाई. त्याइले जाऊ द्या.”

सगळे हसले. बळीरामजीही हसले. “हे सत्यशीला सत्काराच्या आदल्या दिवशीबी भाऊजीले सोडत नाई!” मी शपथेवर सांगितलं, मस्करी नाही करून राहिले. त्यावर आणखी हसले. एवढी वर्षं जीभ चालवल्याचं हे फळ. मी भाऊजींकडे पाहिलं, आतातरी बोला म्हणून. त्यांनी बळीरामजींच्या भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ज्या माणसानं पाटलाला नाही म्हटलं त्याला आपल्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. मला तेव्हा भाऊजींचा राग आला होता. आता तो कोणाकोणावर वाटून टाकावा तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी विहाराचं पटांगण फुलून गेलं. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक शेड आणि आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. समोर फळ्यांचं स्टेज, निळे झेंडे, भाड्यानं आणलेला माईक. भाऊजींना मधल्या खुर्चीवर बसवलं. ठिगळाचा कोट शेवटी तिथंच घातला गेला. गळ्यात झेंडूचा हार इतका जाड, की हनुवटी वर करून बसावं लागत होतं. कधी नव्हे ती त्यांना स्टेजवर खुर्ची मिळाली होती.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. भाषणं सुरू झाली. थंडीत हवा स्थिर असते आणि लायनीपलीकडचं मैदान काही फार लांब नव्हतं. एक वक्ता खाली बसे आणि दुसरा माईकपाशी येई, त्या मधल्या वेळात पलीकडचे भोंगे ऐकू येत. पहिल्यांदा आलं ते बासरीसारखं काहीतरी, आणि मग एकदम पुष्कळ, बारीक बारीक, एकावर एक. पाखरांचं असणार. भाऊजींनी मान वळवली. तेवढ्यात नवा वक्ता म्हणाला, “बंधू आणि भगिनींनो.”

प्रत्येक भाषणात तेच. टिकारामजींनी बाज्यावर थुंकलं. टिकारामजींना त्या आवाजाची किळस आहे. एकजण म्हणाला, पलीकडे तो गोंगाट चालू आहे आणि आपला टिकाराम पाहा कसा निश्चल बसला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांमध्ये बसले होते. बळीरामजींनी पलीकडचा आवाज सभेला त्रास देतोय असं पाहून माईकवाल्याला आवाज वाढवायला सांगितला. वाढवला. मग पलीकडचं काहीच उरलं नाही.

बळीरामजींचं भाषण सर्वांत शेवटी आणि सर्वांत चांगलं. त्यांनी गावच्या मांडवांचं, वरून टाकलेल्या भाकरीचं वर्णन केलं तेव्हा बायका पदर डोळ्याला लावून रडल्या. मीही रडले. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मग ते म्हणाले, “आता टिकारामजी दोन शब्द बोलतीन.”

भाऊजी उठले. माईकसमोर उभे राहिले. सगळं पटांगण शांत झालं, लहान पोरंसुद्धा. आणि त्या शांततेत पलीकडून ते आलं. दोन पियानो होते, मला त्यातलं काही कळत नव्हतं तरी दोन आहेत हे कळलं. एक खाली कुठेतरी गडगडत होता, दुसरा त्याच्यावरून धावत होता, मग धावणारा खाली आला आणि खालचा वर गेला. मागे सगळ्या वाद्यांचा आवाज चढत होता. नदी फुटत होती.

भाऊजी बोलले नाहीत. तोंड जरासं उघडं, मान लायनीच्या बाजूला किंचित कललेली, डोळे मिटलेले. लोक वाट पाहत राहिले. बायका एकमेकींना खुणावू लागल्या, बिचाऱ्याचा कंठ दाटून आला. कोणी खोकलं नाही. हजारभर माणसं श्वास रोखून त्याच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत होती, आणि तो माणूस त्यांच्या शांततेत उभा राहून बाजा ऐकत होता. मला कळलं. बाईला कळलं की नाही ते मी कधी विचारलं नाही. मी मनात म्हणत होते, बोलू नका भाऊजी, असेच उभे राहा, कोणी काही करू नका, अजून थोडा वेळ, देवा. आमच्यात आता देवाला हाक मारत नाहीत, पण मारली.

बळीरामजींना पाहवेना. आपल्या माणसाला बोलता येत नाही, भर सभेत अडखळून उभा आहे, त्याला सांभाळून घेतलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. ते पुढे आले, त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला, माईक आपल्याकडे ओढला आणि सगळी छाती लावून घोषणा दिली. पटांगणानं उत्तर दिलं. पुन्हा घोषणा, पुन्हा उत्तर. माणसं उठून उभी राहिली, टाळ्या थांबेनात. एवढ्या माणसांनी एका माणसावर इतकं प्रेम केलेलं मी नंतर कधी पाहिलं नाही. मी ओरडत होते, गप्प बसा, गप्प बसा. शेजारणीला वाटलं मीही घोषणा देतेय, तिनं माझा हात धरून वर केला.

सगळं थांबलं तेव्हा पलीकडूनही टाळ्याच येत होत्या. त्यांचं वाजवून झालं होतं. भाऊजी माईकपाशी वाकून “जय भीम” म्हणाले आणि खाली बसले.